विचारा बिनधास्त: 'बर्सर्क' वाचताना आणि वाचायला देताना

गेल्या महिन्यात एका उत्तरात जाता जाता 'बर्सर्क'चं नाव घेतलं आणि या वेळची निम्मी पत्रं त्याच्यावरच आली, त्यामुळे आज हाच विषय. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: केंतारो मिउरा या जपानी चित्रकाराची मांगा (म्हणजे जपानी कॉमिक) मालिका, १९८९ पासून सुरू आहे. मध्ययुगीन युरोपसारखं काल्पनिक जग, गट्स नावाचा भाडोत्री सैनिक, ग्रिफिथ नावाचा त्याचा सेनापती, त्यांच्या टोळीतली कास्का, आणि या तिघांच्या नात्याचं जे वाटोळं होतं ते. राक्षस आहेत, भरपूर आहेत. लहान मुलांसाठी नाही हे इथेच सांगून टाकते, पुढे एक मावशी त्याबद्दलच विचारतायत.

ताई, पहिला व्हॉल्यूम वाचला आणि काही झेपलं नाही. हिरो कुणाशी नीट बोलत नाही, येतो, कापाकापी करतो, जातो. मित्र म्हणतो की हे सोड आणि थेट तिसऱ्यापासून वाच, दुसरा म्हणतो ॲनिमे, म्हणजे त्याची ॲनिमेशन मालिका बघ. काय करू?

पहिला मित्र अर्धा बरोबर आहे. गोष्ट मधूनच सुरू होते. पहिले दोन व्हॉल्यूम आणि तिसऱ्याचा काही भाग म्हणजे 'ब्लॅक स्वॉर्ड्समन', मग तिसऱ्यातच कथा मागे जाते आणि 'गोल्डन एज' सुरू होतं ते पार चौदाव्यापर्यंत. लोक ज्याच्यासाठी जीव टाकतात तो भाग हाच. सुरुवातीची चित्रं जरा ओबडधोबड आहेत हेही खरं, मिउरा तेव्हा २३ वर्षांचा होता आणि हात अजून बसायचा होता.

पण तरी सोडू नकोस. कारण सांगते. पहिल्या व्हॉल्यूममध्ये गट्सचा डावा हात लोखंडाचा आहे, उजवा डोळा बंद आहे आणि मानेवर एक खूण आहे जिच्यातून भुतं जवळ आली की रक्त येतं. मग गोल्डन एजमध्ये तोच गट्स दोन्ही हात दोन्ही डोळे धड असलेला पोरगा म्हणून समोर येतो, हसतो पण, आणि तू प्रत्येक लढाईत त्याच्या डाव्या हाताकडे बघत बसतोस की आता गेला, आता गेला. तो जातो कधी आणि कसा हे कळायला दहा व्हॉल्यूम लागतात. पहिले दोन वगळलेस तर ही सगळी धाकधूकच गेली ना.

ॲनिमे म्हणशील तर १९९७ चं २५ भागांचं आहे ते छान आहे, संगीत तर अजून डोक्यात वाजतं, पण ते नेमकं सगळ्यात वाईट ठिकाणी थांबतं आणि पुढे मांगाच हातात घ्यावा लागतो. २०१६ चं मी दोन भागांनंतर बंद केलं, कॉम्प्युटरवरची ती ताठ बाहुल्यांसारखी माणसं मला बघवेनात.

मी आयुष्यात पहिल्यांदाच मांगा वाचतोय. उजवीकडून डावीकडे वाचायचं हे कळलं, तरी संवाद उलटसुलट लागतात. इंग्रजीत छापताना सरळ करून का छापत नाहीत?

पूर्वी करायचे. पान आरशात धरल्यासारखं उलटं छापायचे, म्हणजे डावीकडून वाचता यायचं. पण मग सगळेच डावखुरे व्हायचे. 'बर्सर्क'चं तसं केलं असतं तर गट्सचा लोखंडी हात उजवा झाला असता आणि तलवार डाव्या हातात गेली असती. 'ब्लेड ऑफ द इमॉर्टल' म्हणून एक समुराई मांगा आहे, त्याच्या नायकाच्या कपड्यावर पाठीमागे मोठं स्वस्तिक आहे, जपानी त्याला मांजी म्हणतात आणि ते बौद्ध देवळांचं चिन्ह आहे. आता हे आरशात उलटं केलं की नेमकं नाझींचं दिसायला लागतं. म्हणून इंग्रजी आवृत्तीत पानं उलटी न करता एकेक पॅनल, म्हणजे चित्राची चौकट, कापून नव्या जागी चिकटवली होती! एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा वाचकानेच सवय करून घेतलेली बरी, असं बहुतेक प्रकाशकांना नंतर पटलं.

युक्ती एकच, पान उघडलं की आधी उजवीकडचा वरचा कोपरा शोधायचा. संवादांचे फुगेसुद्धा त्याच क्रमाने, फक्त पॅनल नाही. अडखळलास तर समज की एका पॅनलमधले दोन फुगे तू डावीकडून वाचलेस, चूक नेहमी तिथेच होते. दुसऱ्या व्हॉल्यूमपर्यंत डोळे आपोआप वळतात, मग मराठी पुस्तक उघडलं तरी क्षणभर शेवटचं पान आधी उघडतं.

आणि घाई करू नकोस. मिउराच्या पानावर बऱ्याचदा शब्दच नसतात, तिथे लोक दोन सेकंदात पुढे जातात. त्याने चिलखताच्या एकेका पट्टीवर रेघा मारत दिवस घालवलेत रे, तू निदान एक मिनिट तरी थांब.

हे 'ऐतिहासिक' कितपत आहे? मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, मिडलँड नावाचा देश नकाशात नव्हता एवढं तर मलाही कळतं. पण वाचताना बरंच खरं वाटतं.

तुझा प्रश्न बघून मी खूश झाले, कारण याच्यावर मला कुणी बोलूच देत नाही.

मिडलँड खोटं, त्याचं शेजारच्या ट्यूडर साम्राज्याशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्धही खोटं, पण इंग्लंड-फ्रान्सचं शंभर वर्षांचं युद्ध (१३३७ ते १४५३) तुला माहितीच आहे. त्यातली एक गोष्ट बघ. १३६० मध्ये ब्रेतिन्यीचा तह झाला आणि लढाया थांबल्या, आता ही आनंदाची बातमी कुणासाठी? भाडोत्री सैनिकांचा पगार बंद झाला. मग त्याच टोळ्या फ्रान्सभर गावं लुटत फिरायला लागल्या, लोकांना तहापेक्षा युद्ध बरं वाटावं अशी वेळ. 'बर्सर्क'मधल्या भाडोत्री टोळ्यांची दुनिया तीच आहे. गट्स अशाच एका टोळीत वाढतो, लहानपणापासून त्याच्या उंचीपेक्षा मोठी तलवार घेऊन, आणि त्याला लढाई सोडून दुसरं काही येतच नाही. ग्रिफिथचं वेगळेपण कळायचं असेल तर हे माहीत पाहिजे, कारण जन्माने कुणी नसलेला पोरगा भाडोत्री टोळी घेऊन दरबारात शिरतो आणि थेट राज्यावर डोळा ठेवतो, तेव्हा सरदार मंडळींचा जो जळफळाट होतो तो राक्षसांपेक्षा जास्त खरा आहे.

लोखंडी हाताचं पण तसंच. ग्योट्झ फॉन बर्लिशिंगेन नावाचा जर्मन सरदार होता, १५०४ मध्ये लँड्सहूटच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा हात गेला, आणि त्याने लोखंडाचा हात करून घेतला. बोटं वळवून खटक्याने घट्ट बसवता येतील असा. त्यानंतर हा माणूस आणखी कितीतरी वर्षं लढत राहिला, ऐंशी वर्षांच्या पुढे जगला! तो लोखंडी हात यागस्टहाउसेनच्या किल्ल्यात अजून आहे. गट्सच्या हातात तोफ आहे, ग्योट्झच्या नव्हती, एवढाच काय तो फरक.

चौदाव्या व्हॉल्यूमनंतर 'कन्व्हिक्शन' आर्क, म्हणजे कथेचा पुढचा टप्पा येतो, तिथे चेटकिणी शोधणारे धर्माधिकारी, यातनागृह, भुकेने वेडी झालेली निर्वासितांची गर्दी हे सगळं आहे. चेटकीण कशी ओळखायची आणि तिचा खटला कसा चालवायचा याचं 'मॅलेउस मॅलेफिकारम' नावाचं पुस्तकच १४८०च्या दशकात जर्मनीत छापलं गेलं होतं हे तुला ठाऊक असेल. मला विचारशील तर मालिकेतला सगळ्यात भयानक भाग हा आहे, आणि यात सगळ्यात जास्त भीती माणसांची वाटते.

जिथे इतिहास सोडलाय तिथे बिनधास्त सोडलाय. ती तलवार, जी तलवारीपेक्षा लोखंडाची फळी जास्त वाटते, ती कुणालाही उचलता येणार नाही. तिथे भांडत बसू नकोस.

ताई, मी मैत्रिणीला माझा सगळा सेट दिला. तिला एवढंच सांगितलं होतं की डार्क आहे, स्पॉयलर नको म्हणून बाकी काही बोललो नाही. ती तेराव्यापर्यंत आली आणि एक दिवस सगळं पिशवीत भरून परत पाठवलं. तेव्हापासून नीट बोलत नाहीये. माझं काय चुकलं? पुस्तकच तर दिलं होतं.

चुकलं. मुद्दाम नाही, पण चुकलं.

'डार्क' या शब्दातून कुणाला काय कळतं सांग. अंधारात पाऊस पडत असला तरी लोक सिनेमाला डार्क म्हणतात. 'बर्सर्क'मध्ये बलात्कार आहे, एका लहान मुलावर झालेला अत्याचार आहे, यातना देऊन मोडून टाकलेला माणूस आहे, आणि हे सगळं चित्रात आहे, म्हणजे शब्दांतून डोळा पटकन सरकतो तसा इथे सरकत नाही, पान उलटलं की समोर. ही तीन नावं घ्यायला तुला अर्धं मिनिट लागलं असतं. कोण करतं, कुणाला, कुठल्या पानावर, का, हा स्पॉयलर. असं काही आहे हे सांगणं स्पॉयलर नाही रे. समोरच्या माणसाच्या आयुष्यात काय होऊन गेलंय हे आपल्याला माहीत नसतं, जवळच्या मैत्रिणीचंही नसतं.

मी माझ्या धाकट्या बहिणीला दिले तेव्हा आधी हेच सांगितलं, आणि नवव्या व्हॉल्यूममध्ये एक कागदाची पट्टी घालून ठेवली. पट्टीवर लिहिलं होतं, 'इथून पुढे रात्री झोपताना वाचू नकोस, आणि वाटेल तेव्हा फोन कर.' तिने अर्थातच रात्री झोपतानाच वाचलं. साडेअकराला फोन. हॅलो नाही काही नाही, "ताई, कास्का शेवटपर्यंत आहे ना?" आणि मी सांगून टाकलं, हो की नाही ते. इथे लिहीत नाही, पण तिला सांगितलं, स्पॉयलर तर स्पॉयलर. मग ती म्हणाली की ठीक आहे, आता वाचते. तिने पूर्ण केलं, आणि ती पट्टी अजून त्या व्हॉल्यूममध्ये आहे, तिने खाली बॉलपेनने एक शिवी लिहिलीय माझ्या नावाने.

आता मैत्रिणीला काय सांगायचं. 'पुढे छान होतं गं, अजून थोडं वाच' हे अजिबात म्हणायचं नाही. पुढे बदलतं, ते खरंय, गट्ससोबत हळूहळू माणसं जमतात, चेटकीणबाईंची एक चिमुरडी शिष्या येते, शेकोटीभोवतीचे प्रसंग येतात, आणि एकटा हिंडणारा माणूस दुसऱ्याच्या झोपेची काळजी करायला लागतो, मला तर लढायांपेक्षा तेच जास्त आवडतं. पण ती विकत घ्यायला आलेली नाहीये. सरळ म्हण, मी आधी सांगायला पाहिजे होतं, सॉरी. आणि थांब. ती बोलली तर ऐक, नाही बोलली तर तो विषय काढू नकोस.

आणि एक, तू फॅन आहेस म्हणून वाद घालशील म्हणून सांगते: तिचं म्हणणं असेल की काही पानांवर चित्रकार गरजेपेक्षा जास्त रेंगाळलाय, तर मलाही तसं वाटतं. तेराव्यातल्या प्रसंगाला गोष्टीत कारण आहे, त्याचं ओझं पुढे वीस-पंचवीस व्हॉल्यूम उतरत नाही. पण बाईवर संकट आणायचं म्हणजे पुन्हा पुन्हा त्याच प्रकारचं, हे मधल्या काही ठिकाणी आळशीपणाचं आहे. आवडत्या पुस्तकाबद्दल हे म्हटलं म्हणून पुस्तक लहान होत नाही.

माझा भाचा १३ वर्षांचा आहे. माझ्या कपाटात त्याने हे बघितलं आणि आता मागेच लागलाय. म्हणतो मी 'डिमन स्लेयर' सगळं वाचलंय, त्यात पण मुंडकी उडतात, मग हे का नाही? उत्तर सुचेना.

मावशी, भाच्याचा मुद्दा वकिली आहे, पण उत्तर आहे. जपानमध्ये मांगा ज्या नियतकालिकात येतो त्यावरून तो कुणासाठी आहे ते ठरतं. 'डिमन स्लेयर' २०१६ ते २०२० या काळात 'शोनेन जंप'मध्ये आला, शोनेन म्हणजे मुलगे, किशोरवयीन वाचक. 'बर्सर्क' येतो 'यंग ॲनिमल'मध्ये, हा सेइनेन प्रकार, मोठ्या पुरुषांसाठी. इंग्रजी आवृत्तीवरही प्रौढांसाठी असा इशारा छापलेला असतो. त्याला हेच सांगा, की प्रश्न मुंडक्यांचा नाहीये, यात शरीराशी होणारे जे अत्याचार आहेत ते बघायला तू अजून लहान आहेस, मोठा झालास की हाच सेट तुझा. खोटं कारण देऊ नका आणि वरच्या फळीवर लपवू नका, वरच्या फळीसाठी पोरं स्टूल आणतात.

त्याच्या हातात काहीतरी द्यायचंच असेल तर ओसामू तेझुकाचा 'दोरोरो' द्या, १९६७ मध्ये सुरू झालेला आहे. जपानमधल्या यादवी युद्धाच्या काळातली गोष्ट, बाप सत्तेसाठी पोटच्या पोराचे ४८ अवयव ४८ राक्षसांना देऊन टाकतो, आणि मोठा झालेला मुलगा एकेक राक्षस मारून एकेक अवयव परत मिळवत जातो. यातही रक्त आहे, क्रौर्य आहे, आधी तुम्ही चाळा. पण तेझुकाचं चित्र गोलमटोल असतं, मधेच विनोद करतं, आणि पोराला एवढं अंधारं पुरतं.

माझ्या तेराव्या व्हॉल्यूममध्ये एक चॅप्टर कमी आहे असं ओळखीचा एक जण म्हणतो. डुप्लिकेट माल आला का?

नाही, सगळ्यांच्याच तेराव्यात तो नाही. ८३ वा चॅप्टर नियतकालिकात छापून आला होता, पण मिउरानेच पुस्तकात घेऊ नका असं सांगितलं, कारण त्यात जगामागचं रहस्य फारच लवकर उघडं पडत होतं. पहिल्या वाचनात तरी शोधू नकोस.

लेखक वारला असं कळलं. मग अर्धवट गोष्ट वाचायचीच कशाला? ४० च्या वर पुस्तकं वाचून शेवट नाही म्हणजे काय.

६ मे २०२१ ला मिउरा गेला, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी आतून फाटली, वय ५४. त्याने काढलेला शेवटचा ३६४ वा चॅप्टर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आला. मी तो वाचला तेव्हा वाटलं होतं की संपलं आता, इथेच.

मग २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झालं. कोजी मोरी हा मिउराचा शाळेपासूनचा मित्र, तोही मांगा काढणारा. मिउराने कित्येक वर्षांपूर्वी त्याला बसवून गोष्ट शेवटपर्यंत सांगितली होती. मोरीने जाहीर केलं की मला त्याने जेवढं सांगितलंय तेवढंच येईल, माझ्या पदरचं काही घालणार नाही, आणि चित्रं मिउराचे मदतनीस काढतील, म्हणजे स्टुडिओ गागा. तेव्हापासून ते चालू आहे.

वाचून कसं वाटतं? चित्रं थक्क व्हावं इतकी मिउराच्या जवळ गेलीयत. गोष्ट मात्र भराभर पळते, मिउरा एका नजरेवर दोन पानं घालवायचा तिथे आता एक पॅनल. एखाद्याच्या मयताला गेल्यावर त्याचा मित्र आपल्याला त्याची गोष्ट सांगतो ना, अधेमधे विसरतो, पुढे जातो, तसं वाटतं मला. काहींना हे अजिबात नको आहे, त्यांनी ४१ व्या व्हॉल्यूमवर थांबावं, त्यात ३६४ पर्यंत सगळं आहे. जुन्या वाचकांना तशीही वाट बघायची सवय आहे, गट्स जहाजात बसला तो किती वर्षं उतरलाच नाही यावरचे विनोद अजून चालतात. आणि शेवट नाही म्हणून चौदाव्यापर्यंतचं जे आहे ते कमी होत नाही, तेवढंच वाचलंस तरी ती एक पूर्ण गोष्ट आहे.

मित्राने चौदावा व्हॉल्यूम नेला आणि परत आणला तो पाणी पडून फुगलेला, पानं चिकटलेली. वर म्हणतो की पुढचे नको देऊ, त्यापेक्षा स्कॅन असतील तर फाइल पाठव, तुझं पण टेन्शन कमी. पाठवू का?

सोवळ्यात असल्याचा आव आणत नाही, मीही सुरुवातीला स्कॅनवरच वाचलंय. इंग्रजी आवृत्ती २००३ मध्ये सुरू झाली, त्याआधी इंग्रजीत वाचणाऱ्या पोरांना हौशी लोकांनी केलेल्या भाषांतराशिवाय मार्गच नव्हता. आता तसं नाही, सगळं रीतसर मिळतं, डिजिटलपण मिळतं, तीन-तीन व्हॉल्यूम एकत्र केलेल्या जाड आवृत्त्या पण आहेत (झोपून वाचू नये, तोंडावर पडते). जपानने तर २०२१ पासून चोरीचा मांगा डाउनलोड करणंही बेकायदा केलंय. तेव्हा फाइल पाठवू नकोस. शिवाय मोबाइलवर दोन पानी चित्र मधोमध चिरलेलं दिसतं आणि मिउराचा काळा रंग राखाडी होतो, ते बघून तो म्हणणार की काय एवढं विशेष आहे, आणि तुला आणखी राग येणार.

त्यापेक्षा दोघं मिळून जवळच्या लायब्ररीत मागणी लिहा, दोनतीन नावं दिसली की घेतात कधीकधी. आणि तुझे द्यायचेच असतील तर एक आला की दुसरा, पूर्ण सेट एकदम कधीच नाही, आणि जाड आवृत्ती घराबाहेर नाही.

चौदावा मात्र त्याच्याकडून नवीन घेच, मैत्री वगैरे बाजूला ठेव. त्याच्या शेवटी १९८८ ची मूळ छोटी गोष्ट छापलेली आहे, मालिका सुरू व्हायच्या आधी मिउराने काढलेली, आणि तुझी पानं चिकटली म्हणतोस ती तीच असणार, मागची.